दादाचं पुरुमेंत

वैशाख चढला की माझ्या दुकानाला त्याचा स्वतःचा वास येतो. एरवी वर्षभर तिथं साबणाचा, अगरबत्तीचा, गोणपाटाचा, कुठल्याही दुकानाला असतो तसाच वास असतो. या दिवसांत मात्र हरमलच्या मिरच्या येतात, कोकमाची सोलं येतात, चिंचेचे गोळे येतात, मागच्या पडवीत खारे बांगडे आणि गालमो, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, येऊन पडतात. आगरातलं मीठ पोत्यातून पाझरून जमीन ओली करतं. सगळ्याचा मिळून एक वास होतो आणि तो रस्त्यापर्यंत जातो. पेडण्याच्या बाजारात डोळे मिटून चालणाऱ्याला माझं दुकान सापडेल. पूर्वी या वासानं मला उमेद यायची. आता तो नाकात शिरला की मी खुर्ची शोधतो.

पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगीज मागे ठेवून गेले, पण पोटाची काळजी त्यांच्या आधीचीच असणार. पाऊस धरला की होड्या वाळूवर चढायच्या, नदी फुगायची, चोपड्याची फेरीबोट बंद पडायची, आणि मग घरात जे भरलेलं असेल त्यावर दिवस काढायचे. म्हणून मे महिन्यात प्रत्येक घर भरून घ्यायचं. आज सगळं बारा महिने मिळतं. बेळगाव-कोल्हापूरकडून बांधकामावर आलेली माणसं रोजच्या पुरतं पुडीत नेतात, आणि इथल्या सुना मोबाईलवरून मागवतात. तरी जुनी माणसं अजून मे महिन्यात पिशव्या घेऊन येतात, सोलं दाबून बघतात, मिरची मोडून वास घेतात आणि माझ्याशी भांडतात. भांडणाशिवाय घेतलेल्या पुरुमेंताला चव नसते असं ती मानतात, आणि मीही मानतो. माझा राग बाजारात प्रसिद्ध आहे. भाव पाडून मागणाऱ्याला मी दुकानाबाहेर काढलेलं आहे आणि तोच माणूस संध्याकाळी परत आलेला आहे.

एकच माणूस कधी आला नाही. माझा थोरला भाऊ. दादा.

वडील गेले तेव्हा दादाचं शिक्षण व्हायचं होतं आणि माझंही. दोघांपैकी एकाला कामाला लागणं भाग होतं. कोणाला, हे मला कुणी विचारलं नाही. मी सातवीतून उठलो आणि दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलायला लागलो. चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उतरवलेलं मीठ पाठीवरून वाहिलं की खांद्याची सालं निघायची, आणि घामानं ते मीठ पुन्हा त्याच जागी झोंबायचं. दादा शिकला, डिचोलीच्या शाळेत मराठीचा मास्तर झाला. पुढं मराठी की कोकणी हा वाद पेटला तेव्हा तो व्यासपीठावर उभा राहून बोलायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी त्या दिवसांत दुकानाच्या फळ्या उघड्या ठेवायच्या की बंद, याच विवंचनेत असायचो. दुकान तेव्हा अजून माझं नव्हतं, पण फळ्या काढायचं काम माझं होतं.

गोवा राज्य झालं त्याच्या आसपास मी स्वतःचं दुकान थाटलं. पूजा घातली, सगळ्यांना बोलावलं. दादाही आला, जेवला, आणि हात धुऊन आल्यावर त्याच्या शाळेतल्या एका सोबत्याला म्हणाला, "आमच्या घरात आजवर कुणी तराजू हातात धरला नव्हता."

सोबती हसला. मी वाढत होतो, माझ्या हातात सोलकढीचं भांडं होतं. किती स्वच्छ मराठीत बोलला होता तो. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

त्यानंतर दरवर्षी चोपड्याला त्याच्या घरी पुरुमेंत म्हापशाहून येऊ लागलं. पेडण्याची बस त्याच्या दारासमोर थांबायची, तरी हा माणूस पोतं घेऊन नदी ओलांडून जायचा. वहिनी एकदा दबकत म्हणाली, "भावजी, ते म्हणतात भावाशी भाव करणं बरं दिसत नाही." मी म्हटलं, "त्याला सांग, भाव करू नको, पण ये तर खरा." तो आला नाही. चतुर्थीला एका पंगतीला जेवायचो, दिवाळीला एकमेकांचे पोहे खायचो, पण त्याच्या घरातल्या सोलकढीत माझ्या दुकानातलं सोल कधी पडलं नाही. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटलं नाही, अजून वाटत नाही.

आणि मग तो वैशाख आला. दादा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एका सकाळी गिऱ्हाईकांची गर्दी होती, मी कुणाशी तरी मिरचीवरून तावातावानं बोलत होतो, आणि मान वर केली तर समोर दादा. हातात कापडी पिशवी. धुतलेला सदरा, नीट पाडलेला भांग.

"सोलं दे," तो म्हणाला. "आणि मीठ. चांगलं बघून."

हाताखालच्या माणसाला बाजूला सारून मी स्वतः मागं गेलो. पोत्याच्या तळातली नव्हे, मी घरासाठी काढून ठेवलेली सोलं दिली, काळी, मऊ, बोटाला डाग पडेल अशी. खारे बांगडे एकेक उलटून पाहून निवडले. त्यानं भाव विचारला नाही. मी सांगितला नाही. "येतो," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, "आज दादा इल्लो दुकानार."

"बरां झालां," ती म्हणाली. "आतां तरी पोटातलां काडून टाका. किती वर्सां मुरत घातलात, लोणच्यासारखां."

आठवड्याभरानं तो परत आला. परत सोलं, परत मीठ, वर चिंच. मला वाटलं, पहिली सोलं आवडली असतील, मुलीला पुण्याला पाठवायची असतील. त्यानंतर आणखी आला. बाजारातली माणसं म्हणू लागली, "शेट, मास्तर हल्ली तुमच्याकडेच." मी वरवर मान हलवायचो, पण आतून इतका सुखावलो होतो की त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांशी भांडलो नाही. लोकांना वाटलं माझी तब्येत बिघडली.

मग वहिनी आली. उन्हातून आली होती, पदरानं तोंड पुसत होती.

"भावजी, हे काय चालवलंय तुम्ही? घरात पाय टाकायला जागा नाही. सख्ख्या भावालासुद्धा माल खपवता?"

मी तिच्याबरोबर चोपड्याला गेलो. माजघरात, पलंगाखाली, देवघराच्या बाहेर, सगळीकडे पुरुमेंत होतं. न सोडलेल्या गाठी, मिठाची पोती पाझरून भिंतीला ओल चढलेली, बांगड्यांना मुंग्या. माझ्या दुकानातल्या पिशव्या मी ओळखल्या. पण त्यांच्यामध्ये म्हापशाच्या होत्या, डिचोलीच्या होत्या, शिवोलीच्या एका बाईकडच्या ताडपत्रीत बांधलेल्याही होत्या. तो सगळीकडेच जात होता. पुरुमेंत भरायचं राहिलंय एवढंच त्याच्या डोक्यात उरलं होतं. भरून झालंय हे टिकत नव्हतं. बस समोर थांबेल तिच्यात तो बसत होता, आणि पेडण्याची बसही समोर थांबत होती.

दादा दारात खुर्चीवर बसला होता. मला पाहून म्हणाला, "बरं झालं आलास. पाऊस तोंडावर आला, घरात मिठाचा खडा नाही."

त्या वर्षीचा मे मला असाच आठवतो, तुकड्यातुकड्यांनी. बाहेर फणस पिकून फुटत होते, काजूचा हंगाम सरून वास तेवढा राहिला होता, आणि मी भावाच्या घरातून पोती परत गाडीत भरत होतो. शेजारच्या बायका कुंपणावरून बघत होत्या. मला एवढंच कळेना की मी कशाचं दुःख करतोय. त्याच्या डोक्याचं, की तो माझ्याकडे माझ्यासाठी आला नव्हता याचं. आजही विचारलंत तर मला नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं, आणि ते त्यानं पाठवलेलंच नव्हतं, त्याच्या आजारानं पाठवलं होतं.

पणजीच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं, दादाला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. दादानं गोल सुरेख काढला आणि सगळे आकडे एका बाजूला लिहिले. मग त्या खाण्यापिण्याचं सांगू लागल्या. मीठ कमी. खारं, तळलेलं, लोणची, गोड कमी. पालेभाज्या, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य, ताजे मासे, तेही तारल्या-बांगड्यांसारखे तेलाचे. अक्रोड जमले तर. साखर आणि रक्तदाब ताब्यात. वहिनी मान डोलवत होती. मी व्यापारी माणूस. मी विचारलं, "एवढं सगळं पाळलं, तर परत किती येईल?"

"परत काही येत नाही, काका."

"मग कशाला पाळायचं?"

"आहे ते जरा जास्त टिकावं म्हणून. मेंदूलाही रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या असतात. हृदयाला जे चांगलं ते बहुतेक त्यांनाही चांगलं. पण टिकेलच, असं मी लिहून देणार नाही."

"निम्मं तरी?"

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "नक्की कुणालाच माहीत नाही. खाण्यानं हा आजार होतो किंवा बरा होतो असं सांगणारा भेटला, तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. आणि काका, हे पथ्य तुम्हीसुद्धा पाळा. त्यांच्यापेक्षा तुम्हाला त्याचा उपयोग जास्त. एकाच घरचे तुम्ही."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या टेबलावरून काहीही कमी न करवता उठलो.

विकणारे मात्र भेटले, आणि घरी चालत आले. कुणी स्मरणशक्तीचा काढा आणला, कुणी म्हणालं रोज खोबरेल तेल प्यायला द्या, कुणी म्हणालं खोबरेल तेलानंच हे झालंय. मी माल खपवण्यात आयुष्य घालवलं आहे, त्यामुळे खपवणाऱ्याचा आवाज मला दारातच कळतो. काढेवाल्याला मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण वहिनीनं त्याच्याकडून एक बाटली लपवून घेतली होती. मला ती दिसली आणि मी ती होती तिथंच ठेवून दिली. ती काय विकत घेत होती ते मला दिसत होतं.

दादाची मुलगी वर्षा पुण्याहून अक्रोड पाठवायची आणि फोनवर माझ्यावर घसरायची. "काका, जन्मभर खारं मासं आणि मिठातल्या कैऱ्या खाल्ल्या त्यांनी. तुमचं ते पुरुमेंतच नडलं."

"माझं?" मी म्हटलं. "अगे, तुझ्या बापाशीनं जन्मभर माझ्या दुकानातला मिठाचा खडा जिभेला लावला नाही. नडलं असेल तर म्हापशाचं नडलं. तिथं फोन कर."

ती पलीकडे रडायला लागली.

खरं कुणाला ठाऊक? त्या पिढीनं काय खाल्लं ते आठवायला बसलं की सगळं सरमिसळ येतं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत खारा बांगडा निखाऱ्यावर भाजलेला. पावसात टाकळ्याची भाजी, कुळथाचं सार, नाचण्याची पातळ, गोड तिजान. पदेरानं, म्हणजे पाववाल्यानं, सायकलवरून आणलेली कोंड्याची पोयी. निम्मं डॉक्टरीणबाईंच्या पथ्यातलं आणि निम्मं पथ्याबाहेरचं, एकाच ताटात. दादानं तेच खाल्लं, मी तेच खाल्लं. पुढं तो शाळेत चहावर चहा घ्यायचा, तीनतीन चमचे साखर घालून, आणि जेवण टाळून वह्या तपासायचा. मी दुपारची पेज उभ्यानं प्यायलो. त्याचं डोकं रिकामं होत चाललं आणि माझं अजून जागेवर आहे. परवा मात्र एका जुन्या गिऱ्हाइकाचं नाव ओठावर आलं नाही. नुसतं "या, बसा" म्हणून वेळ मारून नेली. तो गेल्यावर मी दुकानातल्या प्रत्येक मालाचं नाव स्वतःशी म्हणून पाहिलं. सगळी आली. तरी परत एकदा पहिल्यापासून म्हणून पाहिली.

पथ्य सांगायला एका कागदावर मावतं. पाळायला घर लागतं. दादा जेवतो आणि हात सुकायच्या आत म्हणतो, "माका जेवणच दिवक ना कोणी." शेजारणी वहिनीकडे तसल्या नजरेनं बघतात. कधी उलट, ताट समोर असून त्याला काय करायचं ते सुचत नाही, घास भरवावा लागतो. अळणी आमटी तो थुंकतो. गोडासाठी लहान मुलासारखा मागं लागतो. लाल माठाची भाजी खायला घालताना वहिनी त्याला शाळेच्या गोष्टी सांगते, त्याच्याच, त्यानं तिला सांगितलेल्या. तो लक्ष देऊन ऐकतो आणि म्हणतो, "तो मास्तर बरो दिसता." पुस्तकी मराठी कधीच गळून पडली. आता तो आमच्या आईच्या बोलीत बोलतो.

वहिनी थकली तेव्हा मी म्हटलं, सकाळी माझी गाडी चोपड्याला जातेच, येताना दादाला घेऊन येईल. तू दुपारपर्यंत झोप. माझी बायको त्याचं पथ्याचं करते. तेव्हापासून, आणि आता या मे महिन्यातही, दादा रोज माझ्या दुकानात बसतो. आणि ज्यानं जन्मभर सुकं मासं विकलं तो मी रोज ताजे तारले घ्यायला मासळीवालीच्या पुढ्यात उभा राहतो. केरीची बाई आहे, जिभेची तिखट.

"शेट, तुमका ताजो तारलो कित्याक? तुमी तर सुक्या बाजाराचे राजे."

"तुझा कालचा तारला माझ्या सुक्यापेक्षा जुना होता. डोळे बघ याचे, तुझ्यासारखे लाल झालेत."

"मग नको घेव. फुडें वच."

मी पुढं जातो. ती हाक मारते. आम्ही दोघं ठरलेल्या जागी येऊन थांबतो, आणि शेवटी ती दोन तारले वर टाकते. "हे तुका न्हय," ती म्हणते. "मास्तराक."

कालची गोष्ट. दुपारकडे गिऱ्हाईक ओसरलं होतं. दादा खुर्चीवरून उठला, फळीसमोर आला, आणि गिऱ्हाईक होऊन उभा राहिला. असं तो अधूनमधून करतो.

"शेट, गालमो कसो दिलो?"

"तुमका नको तो," मी म्हटलं. "मीठ जास्त आसा."

"पाऊस इलो. घरात काय ना. मोठी पिशवी भरा."

"चिमूटभर न्हेवा."

"अर्धी तरी."

"मूठभर. त्या वर ना."

उभ्या आयुष्यात ज्यानं भाव केला नाही तो दादा माझ्याशी घासाघीस करत होता, आणि मी कमी विकण्यासाठी भांडत होतो. शेवटी मुठीवर सौदा ठरला. मी पुडी बांधून दिली. ती संध्याकाळी बायको हळूच काढून घेते. पुडी खिशात घालून तो जरा वेळ दुकानभर बघत राहिला. वरच्या फळीवरचे डबे, मिरच्यांच्या राशी, छताला टांगलेले केळ्यांचे घड.

"दुकान बरां मांडलात," तो म्हणाला. "माझो एक भाव आसा. तेचाय दुकान आसा. असांच मोठां."

मी सुतळीची गुंडी खाली ठेवली.

"खंय आसता तो?"

"हंयच खंय तरी. खूप रागीट. ल्हानपणी मीठ व्हायलान तेणीं. खांदे सोलून निघत. माझी फी भरूक." तो थांबला. त्याचं लक्ष कुठंतरी जातंय असं वाटलं, पण गेलं नाही. "एकदां वायट बोललंय तेका. लोकांसमोर. मग जांवक तोंड रवला ना."

"म्हणून म्हापशाक जायत?"

"म्हापशाक कोण वळखता?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याची धूळ मिरच्यांवर बसली, ती मी फडक्यानं झटकली. मला बोलायचं होतं ते इतकं जुनं होतं की त्याला कुठून हात घालावा कळेना. मी दादा म्हणून हाक मारली असती तर तो दचकला असता, समोरचा शेट गेला असता आणि बोलणंही गेलं असतं. हे मला गेल्या काही महिन्यांनी शिकवलं आहे.

"तुमी वळखतात तेका?" त्यानं विचारलं.

"थोडो."

"मग सांगशात तेका?"

"सांगतंय."

"बोंब मारतलो."

"मारूंदे."

आतून बायकोनं ताटं आणली. नाचण्याची भाकरी, लाल माठ, तारल्याचं तिरफळ घातलेलं कालवण, मीठ बेताचं. तारल्याला काटे फार, आणि काट्यांचं भान दादाला आता राहिलेलं नाही. म्हणून त्याच्या ताटातला मासा मी सोडवून देतो. बारीक काम आहे. उजेडात धरून, बोटांनी चाचपून, एकेक काटा बाजूला काढावा लागतो. माझी बोटं पोत्यांनी जाड झालेली, तरी आता सवय झाली आहे. तो ताटापुढं हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. जेवायला सुरुवात करत नव्हता.

"सांगलात तेका?" तो म्हणाला.

"सांगलंय."

"काय म्हणता?"

मी सोडवलेला मासा भाकरीच्या तुकड्यावर ठेवला आणि तो तुकडा त्याच्या हातात दिला.

"आदी जेव म्हणता."